गट क्रमांकातल्या स्लॅशमुळे एचडीएफ५ फाइलमधील रचना बिघडते

प्रश्न (परभणी):
परभणी व हिंगोली जिल्ह्यांतील विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी मी पायथनमध्ये जिल्हा, तालुका, गाव, विहीर अशा उतरत्या रचनेत ठेवतो. विहीर हा ऑब्जेक्ट असून त्यात मोजणीचा ॲरे, विहिरीची खोली आणि गट क्रमांक असतो. (इथे गट म्हणजे जमिनीचा, फाइलमधल्या गटाला मी ग्रुपच म्हणतो, नाहीतर घोटाळा व्हायचा.) पूर्वी सगळे पिकल करून (म्हणजे पायथनचे ऑब्जेक्ट जसेच्या तसे फाइलमध्ये साठवून) ठेवत असे, पण क्लासची फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवताच जुने पिकल उघडेनासे झाले, म्हणून एच५पाय (पायथनमधून एचडीएफ५ फाइल लिहिण्या-वाचण्याची लायब्ररी; या फाइलमध्ये फोल्डरसारखे ग्रुप असतात) वापरू लागलो. विहिरीच्या ग्रुपला गट क्रमांकाचेच नाव दिले. लिहिताना एकही एरर आला नाही. मात्र गावाखालच्या विहिरींची यादी काढली की ‘२१४/३’ दिसत नाही आणि आम्ही कधीच न मोजलेली ‘२१४’ नावाची विहीर दिसते. असे का होत असावे?

उत्तर १ (नांदेड):
एचडीएफ५ मध्ये स्लॅश हे नावातले अक्षर नसून मार्ग तोडणारी खूण आहे, आणि वाटेतला जो ग्रुप अस्तित्वात नसेल तो एच५पाय काहीही न विचारता तयार करते. सातबाऱ्यावर २१४/३ हा पोटहिस्सा असतो. फाइलनेही तसेच समजून २१४ च्या पोटात ३ घातला, एवढेच. ग्रुपला ‘विहीर_००३’ असे साधे नाव द्यावे आणि खरा गट क्रमांक व खोली ॲट्रिब्यूटमध्ये (ग्रुपला जोडलेल्या छोट्या माहितीत) लिहावी. आकड्यांपुढची शून्ये गाळू नयेत, कारण एरवी नावे अक्षरक्रमाने येतात आणि १० हा २ च्या आधी लागतो. मोजणीचा ॲरे मात्र डेटासेटमध्येच (फाइलमधल्या आकड्यांच्या तक्त्यात) ठेवावा, कारण ॲट्रिब्यूटला सर्वसाधारणपणे ६४ किलोबाइटची मर्यादा असते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. काही विहिरींची खोली माहीत नसल्याने तिथे ‘नन’ (पायथनमधले None, म्हणजे किंमतच नाही) आहे आणि ते लिहिले जात नाही. शिवाय एकच पर्जन्यमापक तीन गावांच्या नोंदींत येतो, त्याच्या तीन प्रती होतात.

उत्तर २ (लातूर):
माहीत नसलेला ॲट्रिब्यूट लिहूच नये आणि वाचताना तो नसेल तर ‘नन’ धरावे. खोलीच्या जागी शून्य लिहिणे ही चूक ठरेल. पर्जन्यमापक एकदाच लिहून बाकीच्या गावांत त्याची हार्ड लिंक (त्याच नोंदीकडे नेणारे दुसरे नाव) द्यावी. प्रत्येक ग्रुपवर क्लासचे नावही ॲट्रिब्यूट म्हणून नोंदवावे, म्हणजे वाचताना कोणता ऑब्जेक्ट उभा करायचा ते कळते.
जुनी फाइल नव्याने लिहिण्याची गरज नाही. ग्रुपच्या ‘मूव्ह’ने नाव बदलता येते. मात्र हलवण्यापूर्वी गट क्रमांक ॲट्रिब्यूटमध्ये उतरवून घ्यावा, आणि २१४ मधले सर्व पोटहिस्से बाहेर काढल्यावरच तो रिकामा ग्रुप पुसावा.