कोकण किनाऱ्याला चक्रीवादळाचा गुणक लागू व्हावा का?

ओळंबा
इमारतीवरील वाऱ्याचा भार काढताना आपण आयएस 875 (भाग 3) या भारतीय मानक संहितेच्या नकाशावरून मूलभूत वेग घेतो. मुंबईसाठी तो सेकंदाला 44 मीटर आहे, तर पणजीसाठी 39. मोकळ्या प्रदेशात, जमिनीपासून 10 मीटर उंचीवर 3 सेकंद टिकणाऱ्या झोताचा हा वेग असतो आणि इमारतीचा प्रकार (के-1), भूप्रदेश व उंची, टेकड्या आणि कडे यांचे गुणक लावून आपण त्याचा संकल्पित वेग करतो. 2015 च्या आवृत्तीत या तिघांना चौथा, चक्रीवादळाचा गुणक, म्हणजे के-4, जोडला गेला. वादळानंतरही चालू राहिल्याच पाहिजेत अशा इमारतींना 1.30, औद्योगिक बांधकामांना 1.15 आणि बाकीच्यांना 1. परंतु तो केवळ पूर्व किनारा व गुजरात येथील 60 किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यासाठी आहे. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही. तरीही नोव्हेंबर 2009 मध्ये फयान चक्रीवादळ आले, 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले. निदान किनाऱ्यावरील रुग्णालये आणि वादळ निवारे यांना तरी 1.30 लावावा, असे माझे मत आहे.

रंधा
मी असहमत आहे. दाब वेगाच्या वर्गानुसार वाढतो, त्यामुळे 1.30 म्हणजे 69 टक्के जादा भार, आणि त्यासाठी आधार काय, तर ज्या वादळाचा वेग किनारा ओलांडताना झोत धरूनही ताशी 140 किलोमीटरच्या आतच होता ते निसर्ग. सेकंदाला 39 मीटर म्हणजेच ताशी 140 किलोमीटर! संहितेतला आकडा ओलांडला गेलेलाच नाही. उडाले ते पत्रे आणि कौले, ज्यांचे गणित मुळात कोणी मांडलेलेच नव्हते. शिवाय महत्त्वाच्या इमारतींसाठी के-1 शंभर वर्षांच्या आयुष्यासाठी धरला की 39 च्या वेगाला तो 1.06 होतो, म्हणजे दाब सुमारे 12 टक्क्यांनी वाढतोच.

ओळंबा
एका वादळाच्या नोंदीवरून पन्नास वर्षांचा, म्हणजे सरासरी पन्नास वर्षांतून एकदा अपेक्षित असलेला, संहितेतला मूलभूत वेग ठरवता येत नाही. तो माझ्या बाजूने ठरत नसेल तर आपल्या बाजूनेही नाही. खर्चाची भीतीही अवाजवी वाटते. दुमजली आरसीसी रुग्णालयाच्या सांगाड्याला बहुधा भूकंपाचाच भार निर्णायक असतो. 69 टक्क्यांची झळ बसते ती छपराला, खिडक्यांना आणि गच्चीवरील टाक्यांच्या जोडण्यांना, आणि वादळात रुग्णालय बंद पडते तेही याच गोष्टींमुळे.

समुद्रकाठ
आपण दोघेही बाहेरच्या वाऱ्याबद्दल बोलत आहात. मला आतल्या हवेची काळजी अधिक वाटते. भिंतीतील उघडा भाग 5 टक्क्यांपर्यंत असेल तर अंतर्गत दाबाचा गुणांक 0.2, 20 टक्क्यांपर्यंत 0.5 आणि त्याहून जास्त असेल तर 0.7 घ्यावा लागतो. आमच्याकडच्या एका गोदामाचे गणित शटर बंद धरून 0.2 ने केले होते. वादळात वाऱ्याच्या तोंडचे शटर वाकले आणि आढ्याजवळचे पत्रे आतून ढकलले जाऊन निघाले. छपरावरील बाहेरचे शोषण 0.8 धरले, तर एकूण 1.0 ऐवजी 1.5 झाले. म्हणजे 50 टक्के वाढ, आणि औद्योगिक बांधकामांचा 1.15 लावूनही वर्गाने मिळणारी वाढ 32 टक्केच. त्यातून कोपऱ्यांवर जादा लागणारे जे-हुक, म्हणजे पत्रे जखडणारे आकडे, कंत्राटदार सर्वत्र एकाच अंतराने ठोकतो, ते वेगळेच.

रंधा
माझे म्हणणे हेच आहे. आधी आहे ती संहिता नीट वापरा, गुणक नंतर मागा.

ओळंबा
शटरचा मुद्दा मान्य आहे. निवाऱ्याचे गणित दार तुटले असे धरूनच करावे. मात्र ही चूक आणि गुणक एकमेकांना पर्याय नाहीत, त्यांचा गुणाकार होतो. 1.5 ला 1.69 ने गुणले की अडीचपट. शटर बंद धरून आणि के-4 न लावता बांधलेल्या निवाऱ्यात गावकऱ्यांना बोलावताना ही अडीचपटीची तूट कोणी आपल्या सहीवर घ्यायची?