बास्केटबॉलला ट्रिपल-डबल मारला म्हणजे सगळ्यात भारी प्लेयर होतंय का? जोकिच, यानिस, लेब्रॉन, बोला

पार्कचौक_कट्टा
काल ग्राउंडवर यावरनं जाम वाजलं म्हणून इथं टाकतोय. एकजण हट्टालाच पेटला की एनबीएत (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) डेन्व्हरच्या जोकिचइतका कम्प्लीट प्लेयर आत्ता कोणी नाही, का तर २०२४-२५ ला अख्ख्या सीझनची सरासरी २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), १०.२ असिस्ट (ज्या पासवर बास्केट होतंय तो). तिन्हीत दुहेरी आकडा म्हणजे ट्रिपल-डबल, आणि तोही सेंटरनं (बास्केटपाशी खेळणारा उंच गडी), हे आधी कधीच झालं नव्हतं. मानलं भावाला. पण ह्यात डिफेन्स कुठाय? समोरचा गार्ड (बॉल खेळवणारा चपळ गडी) ड्राइव्ह करत आत येतोय, बास्केटपाशी यानिस उभा दिसतोय आणि तो शॉट न मारताच बॉल परत बाहेर फिरवतोय, ह्याचा पॉइंट कोणाच्या नावावर चढतोय सांगा. कोणाच्याच नाही. माझं मत यानिस. २०२० ला एकाच सीझनला एमव्हीपी (सीझनचा सगळ्यात भारी प्लेयर) पण आणि बेस्ट डिफेंडर पण, हे त्याच्याआधी फक्त जॉर्डन (१९८८) आणि ओलाजुवान (१९९४) यांनाच जमलंय.

होटगीरोडवाला
काय बोलायलास बे. जे आकड्यात दिसत नाही ते फक्त डिफेन्समध्येच असतंय का? जोकिच फ्री-थ्रो लाइनजवळ बॉल घेऊन नुसता उभा राहिला तरी पाचही डिफेंडरच्या माना तिकडं वळतात आणि मागनं कोणतरी कट मारून लेअप टाकून जातंय. पास देणाऱ्याला एक असिस्ट मिळाला, पण तो नसता तर ती जागाच उघडली नसती. तो बेंचवर बसला की डेन्व्हरची लीड कशी विरघळत्या ते बघत जा जरा. २०२३ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) एकूण पॉइंट, एकूण रिबाउंड, एकूण असिस्ट तिन्हीत तोच एक नंबर, असं त्याआधी कोणालाच जमलं नव्हतं, आणि वर चॅम्पियनशिप.

शेंगाचटणी
सकाळी सहाला उठून मॅच बघणारे आपण तिघं-चौघं, त्यातपण भांडणं 😂

गड्ड्यातला_पाळणा
ट्रिपल-डबलवरनं आठवलं, वेस्टब्रुक विसरला काय सगळे? २०१६-१७ ला ३१.६ पॉइंट, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट, एका सीझनला ४२ ट्रिपल-डबल, एमव्हीपी. आणि टीम? ४७ जिंकल्या आणि पहिल्याच राउंडला ह्यूस्टननं ४-१ नं घरी पाठवलं. त्यात समोरच्याचा फ्री-थ्रो चुकला की त्याच्याच टीमच्या अ‍ॅडम्सनं बॉक्सआउट करून माणूस अडवून धरायचा आणि बॉल उचलायला वेस्टब्रुक मोकळा. कष्ट एकाचे, रिबाउंड दुसऱ्याच्या खात्यात. उलट ड्रेमंड ग्रीन बघा, फेब्रुवारी २०१७ ला मेम्फिसविरुद्ध ४ पॉइंट, १२ रिबाउंड, १० असिस्ट, १० स्टील (समोरच्याकडनं हिसकावलेला बॉल). पॉइंट फक्त चार आणि तरी ट्रिपल-डबल! मॅच कोणी फिरवली हे विचारायची गरज आहे का.

होटगीरोडवाला
वेस्टब्रुकचं मान्य, पण त्याचं पाप जोकिचच्या माथी का मारायलास? तो सेंटरच आहे, रिबाउंड घेणं त्याचं कामच आहे.

नवीपेठ_काका
पोरांनो, क्रिकेटचा हिशोब इथं लावू नका. कॅलिसनं टेस्टमध्ये १३,२८९ रन आणि २९२ विकेट काढल्या, भारीच. पण ज्या बॉलरला बॅट धरता येत नाही त्याला क्रिकेटमध्ये अकरा नंबरला लपवता येतंय. बास्केटबॉलला लपवायची सोयच नाही. पाचांतला एकजण डिफेन्सला ढिला असला की समोरची टीम त्यालाच स्क्रीनमध्ये (आपला गडी आडवा उभा करून डिफेंडर अडवायचा तो डाव) ओढून आणत्या, परत परत, तोपर्यंत की कोच त्याला बसवतोय. आमच्या सिमेंटच्या कोर्टवर पण हेच चालतंय, एप्रिलमध्ये सूर्य बुडाला तरी जमीन बुटातनं चटके देत असत्या, तिथं कोण दमलाय ते हेरून सगळे त्याच्याच अंगावर जातात, दया कोण दाखवत नाही. म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. कुठल्याही मॅचअपला, कुठल्याही टीममध्ये टाकला तरी ज्याला टार्गेट करता येत नाही असा कोण? माझ्या मते लेब्रॉन. २०१६ ची फायनल, समोर ७३ मॅच जिंकलेली वॉरियर्स, ३-१ नं मागे, आणि तिथनं सिरीज काढली. पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, पाचही गोष्टींत दोन्ही टीम मिळून तोच पहिला. सातव्या मॅचला ८९-८९ असताना शेवटच्या दोन मिनिटांत वॉरियर्सच्या इग्वादाला मागनं गाठून बोर्डावर चिकटवलेला तो ब्लॉक, त्याआधी अख्खं कोर्ट पळून आला होता गडी, तो पण एकतिसाव्या वर्षी.

पार्कचौक_कट्टा
काका, लेब्रॉनला कोण नाही म्हणायलंय, पण मी आत्ताचं बोलतोय. टार्गेटचा मुद्दा एकदम बरोबर आणि तो जोकिचलाच लागतोय. पिक अँड रोलला (स्क्रीन लावून लगेच बास्केटकडं वळायचा डाव) तो स्क्रीनच्या पुढंपर्यंत जातोय, तिथनं गार्ड निसटला की मागं बास्केट राखायला तो पोचत नाही, बाकीच्या चौघांना धावाधाव.

होटगीरोडवाला
त्याचे हात बघ ना पण, किती पास मधेच तोडतोय. आणि शॉट चुकल्यावर रिबाउंड घेऊन तिथनंच लांब पास फेकतोय, समोरचे परत जागेवर यायच्या आत बास्केट. डिफेन्स रिबाउंडवर संपतोय, ब्लॉकवर नाही. ब्लॉक केलेला बॉल परत त्यांनाच मिळाला तर काय उपयोग.

गड्ड्यातला_पाळणा
२०२५ च्या प्लेऑफला ओक्लाहोमानं डेन्व्हरविरुद्ध सातव्या मॅचला कॅरुसोला जोकिचवर सोडलं होतं, सहा फूट पाच इंचाचा गार्ड, सात फुटी सेंटरवर! समोरून अडवून त्याला बॉलच मिळू दिला नाही. १२५-९३. अटॅकचा राजा म्हणता ना, मग.

होटगीरोडवाला
आणि ती सिरीज ६८ मॅच जिंकलेल्या टीमविरुद्ध सातपर्यंत कोणी नेली? पुढं चॅम्पियन तीच टीम झाली. यानिसचं पण बोला की, मुद्दाम फाउल करून त्याला लाइनवर पाठवतात, आणि फ्री-थ्रोला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावतोय म्हणून २०२१ ला पब्लिक दहापर्यंत मोठ्यानं आकडे मोजायचं.

पार्कचौक_कट्टा
त्याच २०२१ च्या फायनलच्या सहाव्या मॅचला ५० पॉइंट, १४ रिबाउंड, ५ ब्लॉक, आणि फ्री-थ्रो १९ पैकी १७. मोज म्हणावं.

होटगीरोडवाला
एका रात्रीचं सांगू नको, सीझनची सरासरी काढ. उद्या ये ग्राउंडवर, बघू.