स्वतःचे स्पर्धेतले डाव तपासताना इंजिन आधी की नंतर?

एकटा_उंट (धागाकर्ता)

बुद्धिबळाच्या स्पर्धेतला डाव संपल्यावर तो लगेच इंजिनला, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रामला, दाखवणं ही हौशी खेळाडूची सगळ्यात वाईट सवय आहे असं माझं ठाम मत आहे. वाद व्हावा म्हणूनच मांडतोय.

होतं काय? डाव हरला, बाहेर आलो, फोन चालू केला, चाली भरल्या. इंजिन सांगतं, तेविसाव्या चालीला घोडचूक. आपण म्हणतो, "अरेच्चा, दिसलंच नाही," आणि पुढच्या फेरीत समोर कोण आहे ते बघायला लागतो. याला विश्लेषण म्हणायचं?

इंजिनला पटावरची स्थिती कळते, ती चाल खेळणारा माणूस कळत नाही. समजा तेविसाव्या चालीला घोडा एफ-५ या घरावर नेला आणि तिथे हरलो. तो का नेला? प्रतिस्पर्ध्याची धमकी दिसलीच नाही म्हणून? की धमकी दिसली होती, पण तिसऱ्या चालीनंतरची स्थिती डोक्यात नीट उभी राहिली नाही म्हणून? घड्याळात चार मिनिटं उरली होती म्हणून? की समोरच्याचं रेटिंग (ताकदीचा आकडा) बघून आधीच बरोबरीच्या मागे लागलो होतो म्हणून? या चौघांवरचे उपाय एकमेकांपासून पार वेगळे आहेत, आणि इंजिनच्या पडद्यावर चौघांनाही तोच एक लाल ठिपका मिळतो.

कारण फक्त आपल्या आठवणीत असतं आणि ही आठवण फार लवकर नासते. त्यातून इंजिनचं उत्तर बघितलं की ती बदलतेच. "ती चाल माझ्या मनात आली होती" असं आपण प्रामाणिकपणे म्हणायला लागतो, आणि ते खरं नसतं.

म्हणून माझी पद्धत अशी. डाव चालू असताना दर काही चालींनी स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, घड्याळातली उरलेली वेळ लिहायची. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत याला परवानगी आहे. त्याच संध्याकाळी पट मांडून तीन जागा शोधायच्या: सगळ्यात जास्त वेळ कुठे घेतला, प्रतिस्पर्ध्याची कुठली चाल अनपेक्षित वाटली आणि आपला बेत आपण कुठे सोडला. तिथे त्या क्षणी काय विचार होता ते साध्या वाक्यांत लिहायचं. इंजिन दुसऱ्या दिवशी.

सोव्हिएत जगज्जेता बोट्विनिक तर याच्याही पुढे जायचा. स्वतःच्या डावांचं विश्लेषण करा आणि छापा, म्हणजे लोक त्यातल्या चुका काढतील, असा त्याचा आग्रह होता. पुढे जगज्जेते झालेले कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रामनिक हे तिघेही त्याच्या शाळेतून गेलेले. काहीतरी तथ्य असेलच ना?

सातव्या_पट्टीतला_हत्ती

धागा छान, मत पूर्ण अमान्य.

ज्या डोक्याने घोडा फुकट दिला त्याच डोक्याला "का दिलास?" असं विचारायचं, आणि ते जे सांगेल ते वहीत उतरवून घ्यायचं? माणूस स्वतःबद्दल बरं दिसेल असंच कारण सांगतो. "हल्ल्याची कल्पना बरोबर होती, चालींचा क्रम चुकला" हे वाक्य मी इतक्या लोकांच्या वह्यांत वाचलंय! इंजिन दोन सेकंदांत सांगतं की कल्पनाच चुकीची होती, एच-७ वर उंट मारून काहीही मिळत नव्हतं, राजा आरामात जी-६ ला पळाला असता. हे न कळता माणूस तोच बळी पुढच्या स्पर्धेत पुन्हा देतो.

दुसरं म्हणजे १५०० रेटिंगच्या खाली डाव कशावर जातात ते बघा. मोहरं फुकट जातं, दुहेरी हल्ला सुटतो, मागच्या पट्टीवर मात बसते. त्यात खोल मानसशास्त्र कुठलं आलं? चुकलेली जागा इंजिनने दाखवली की तशीच कोडी सोडवा. लिचेस या संकेतस्थळावर तर स्वतःच्याच डावातल्या चुका पुन्हा खेळून सुधारायची सोय फुकट आहे. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्याकडे आठवड्यात जे दोन-तीन तास असतात ते वहीत घालवायचे की सरावात?

आणि बोट्विनिकचं नाव घेताच आहात तर पूर्ण घ्या. तो विद्युत अभियंता होता, आणि उतारवयात त्याने कितीतरी वर्षं संगणकाला बुद्धिबळ शिकवण्यात घातली. 'पायोनियर' नावाचा त्याचा प्रकल्प होता. त्याच्या हातात आजचं स्टॉकफिश हे इंजिन असतं तर त्याने ते दुसऱ्या दिवसापर्यंत बंद ठेवलं असतं असं खरंच वाटतं तुम्हाला?

दीड_गुण

दोघेही हरलेल्या डावांबद्दलच बोलताय. मी जिंकलेले डाव जास्त बारकाईने बघतो. हरलेला डाव निदान दुखतो तरी, जिंकलेल्यातल्या चुका आपण पोटात घालतो आणि वर मित्रांना कौतुकाने दाखवतो. बाकी चालू द्या.

एकटा_उंट

हत्ती, बोट्विनिकचा मुद्दा भारी, पण तो माझ्याच बाजूचा आहे. माणूस चाली निवडतो कशा, शंभर शक्यतांतल्या दोन-तीनच बघायच्या हे त्याला कळतं कसं, हे बोट्विनिकला यंत्रात उतरवायचं होतं. म्हणजे त्याला उत्तराइतकाच विचाराचा मार्गही हवा होता. डीप ब्लू या आयबीएमच्या संगणकाने १९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवलं ते त्या वाटेने नाही, अफाट आकडेमोडीने. आजची इंजिनं काय विचार करून चाल सुचवतात हे आपल्याला सांगत नाहीत. चाल आणि आकडा, संपलं.

"स्वतःबद्दल बरं दिसेल असंच कारण सांगतो" हे मान्य. म्हणूनच वेळा लिहायच्या. वेळ खोटं बोलत नाही. "तिथे मी खोल हिशेब केला होता" असं वहीत लिहिलं आणि स्कोअरशीटवर त्या चालीला चाळीस सेकंद दिसले, की झाली ना चोरी उघडी.

घड्याळवाला

मी स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करतो, तेव्हा नियमांपुरतं बोलतो.

उंट म्हणतात ते बरोबर. स्कोअरशीटवर चाली, घड्याळातल्या वेळा, बरोबरीचे प्रस्ताव, दाव्यासंबंधीच्या नोंदी एवढं लिहिता येतं. त्यापुढे गेलात, म्हणजे "इथे वजिराच्या बाजूने हल्ला" वगैरे, तर पंच टोकणार. चाल खेळण्याआधी लिहिण्यालाही बंदी आहे, फक्त बरोबरीचा दावा करताना ती आधी लिहावी लागते. पूर्वी लोक चाल आधी लिहून मग तिच्याकडे बघत बसायचे, ते आता चालत नाही. आणि फोन जवळ असला तर डावच जातो, त्यावर वेगळा वाद नको.

तुम्हा दोघांच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट आहे. प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढीव मिळत नसतील, तर पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरल्यावर चाली लिहिणं बंधनकारक नसतं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो नेमका तोच भाग कागदावर येत नाही! ९० मिनिटं अधिक ३० सेकंदांच्या स्पर्धेत शेवटपर्यंत लिहावं लागतं, तिथे हा प्रश्न नाही. जलद स्पर्धांमध्ये तर लिहिण्याची सक्तीच नाही. असा डाव संपला की प्रतिस्पर्ध्याला विनंती करून शेवटच्या चाली दोघांनी मिळून लगेच जुळवा, खेळाच्या जागेबाहेर. रात्री एकट्याने आठवायला बसलात तर हत्ती भलत्याच घरात निघतात.

विनाकारण_किल्लेकोट

इंजिनचं नुसतं उत्तर वाचणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो.

पांढरा राजा डी-५, प्यादं ई-५, हत्ती ए-७. काळा राजा ई-८, हत्ती बी-६. अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाची जगप्रसिद्ध स्थिती. काळ्याने हत्ती सहाव्या पट्टीवरच फिरवत ठेवायचा, पांढऱ्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही. प्यादं ई-६ वर गेलं की पांढऱ्या राजाला आडोसा उरत नाही, मग हत्ती थेट बी-१ ला उतरवायचा आणि मागून शह देत राहायचं. बरोबरी.

आता समजा काळ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, योगायोगाने बरोबर चाली पडल्या. इंजिन काय दाखवणार? ०.००, ०.००, ०.००, म्हणजे दोघं बरोबरीत. चूक एकही नाही, अचूकता उत्तम. या खेळाडूला एंडगेममधलं, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यातलं, एक अत्यंत गरजेचं तंत्र येत नाही, आणि अहवालात त्याचा मागमूस नाही. पुढच्या वेळी हाच माणूस तीच स्थिती हरणार.

वहीत मात्र त्याने लिहिलं असतं, "हत्ती कुठे ठेवावा कळेना, तिथेच फिरवत बसलो." या एका वाक्यावरून कुणीही सांगेल काय शिकायला हवं ते.

अचूकतेच्या टक्क्यांचंही तसंच. वीस चालींत सगळी मोहरी मारामारीत संपवून बरोबरी घेतली तर टक्के नव्वदीच्या वर सहज जातात. गुंतागुंतीच्या स्थितीत लढून जिंकलेल्या डावाला त्यापेक्षा कमी मिळतात. टक्के बघून खूश होणारे लोक हळूहळू कंटाळवाणं खेळायला लागतात, हे माझं निरीक्षण. कुणाला राग आला तर येऊ द्या.

सातव्या_पट्टीतला_हत्ती

किल्लेकोट, उदाहरण मस्त, पण तुम्ही एंडगेमचा माणूस असल्यामुळे एंडगेमचंच आणलंत. मधल्या खेळात असे सुटसुटीत धडे मिळत नाहीत.

आता मीही एक दाखला देतो. आद्रियान द ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाने १९४६ च्या प्रबंधात तगड्या आणि मध्यम खेळाडूंना एकच स्थिती देऊन मोठ्याने विचार करायला लावलं. निघालं काय, तर ग्रँडमास्टर काही फार खोलवर मोजत नव्हते. मध्यम खेळाडूंइतकंच साधारण मोजत होते, पण बरोबर चाल त्यांच्या नजरेत आधीच भरत होती. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी दाखवलं की कसलेल्या खेळाडूंना मोहऱ्यांचे ओळखीचे गट आठवतात. मोहरी वाटेल तशी विस्कटून मांडली की त्यांची ती किमया जवळजवळ संपते.

म्हणजे सगळा खेळ ओळखीच्या आकृत्यांचा. त्या डोळ्यांत भराव्या लागतात, भरपूर आणि चुका न शिकता. स्वतःच्या चुकीच्या विचारावर तासभर मनन करून डोळ्यांत काय भरणार? चुकीचाच विचार, आणि तोही ठळक अक्षरांत.

एकटा_उंट

द ग्रूटने हे शोधलं कसं? खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावून! नुसत्या चाली गोळा केल्या असत्या तर "ग्रँडमास्टर चांगल्या चाली करतो" एवढंच हाती लागलं असतं. मी तेच म्हणतोय, फक्त शास्त्रज्ञ आणि खेळाडू दोन्ही आपणच.

आकृत्या भराव्या लागतात हे मान्यच. पण कुठल्या? माझ्या बाबतीत बरेच दिवस इंजिन "डावपेच सुटला" सांगायचं आणि मी डावपेचांची कोडी सोडवायचो. टिपणं सलग वाचली तेव्हा दिसलं की वजिरांची अदलाबदल समोर आली की मी विचार न करता नकार देतो, आणि मग वाईट स्थितीत डावपेच सुटतात. ही आकृती पटावर नसून माझ्या डोक्यात होती. कोड्यांच्या कुठल्या संचात मिळते ती?

नवा_प्यादा

मी नुकताच स्पर्धा खेळायला लागलोय. एक शंका आहे, हसू नका. दिवसाला दोन-तीन फेऱ्या असतात, मधल्या वेळात इंजिन बघावं का? क्लबातले सगळे बघतात.

दीड_गुण

अजिबात नको. जिंकलेला डाव प्रत्यक्षात हरलेला होता हे दोन फेऱ्यांच्या मधे कळून कुणाचं भलं झालंय? खा, फिरा, पाणी प्या.

सातव्या_पट्टीतला_हत्ती

सुरुवातीच्या दहा-बारा चाली जरूर बघ. तुझे डाव कुठे प्रसिद्ध होत असतील तर संध्याकाळच्या फेरीतला प्रतिस्पर्धी तेच बघत असतो. सिसिलियनसारख्या सुरुवातीत पाचव्या चालीला भोक असेल तर ते तुला त्याच्या आधी कळलेलं बरं. बाकी डाव रात्री.

एकटा_उंट

सुरुवातीपुरतं हत्तीशी सहमत. नोंद व्हावी.

पट_मांडा

सगळी चर्चा माणूस आणि यंत्र या दोघांतच अडकली आहे. समोर बसलेला प्रतिस्पर्धी कुठे गेला? घड्याळवाल्यांनी तेवढा जाता जाता उल्लेख केला. डाव संपल्यावर त्याच्याबरोबर अर्धा तास बसलं तर जे कळतं ते वहीतही मिळत नाही आणि इंजिनातही. आपण ज्या चालीला घाबरून तीन चाली बचावात घालवल्या, ती त्याच्या मनातच आलेली नसते. आणि ज्या घराकडे आपण ढुंकूनही बघितलं नाही, तिथे तो दहा चालींपासून घाबरून बसलेला असतो. हे कुठलं इंजिन सांगणार?

सातव्या_पट्टीतला_हत्ती

तात्त्विकदृष्ट्या सुंदर. प्रत्यक्षात जिंकलेला माणूस त्या अर्ध्या तासापुरता जगज्जेता होतो आणि "इथे तर मी आधीच जिंकलो होतो" म्हणत दर चालीला आपला हात धरतो. हरलेला सही करून निघून जातो.

पट_मांडा

जगज्जेत्यालाही बोलू द्यावं. त्याचे दावे टिपून ठेवायचे आणि मग तुमच्या लाडक्या इंजिनला दाखवायचे. तिथे मात्र इंजिनची खरी मजा येते.

सातव्या_पट्टीतला_हत्ती

हे आवडलं.

उंट, तडजोड सुचवतो. वेळा लिहिणं मी पुढच्या स्पर्धेपासून सुरू करतो, त्यात माझं काही जात नाही. घोडचुकीच्या जागी काय वाटत होतं ते एक वाक्यही लिहीन. पण इंजिन त्याच रात्री. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा म्हणालात तर मला झोप लागणार नाही, आणि सकाळच्या फेरीला झोप बोट्विनिकपेक्षा महत्त्वाची.

एकटा_उंट

घोडचुकीची जागा कुठली हे इंजिन उघडण्याआधी तुम्हाला कळणार कसं?

सातव्या_पट्टीतला_हत्ती

समोरच्याने माझा वजीर उचलला की कळतं हो.