मदत हवी आहे: मॅक्रोतली तात्पुरती नावं जावास्क्रिप्टमध्ये एकमेकांवर आदळतात

नमस्कार मंडळी. लिस्प भाषेतल्या कोडमधून जावास्क्रिप्ट काढणारा छोटा कंपायलर हौस म्हणून लिहितोय. त्यातला 'डिले' मॅक्रो (कोड तयार करून देणारा कोड) किंमत साठवायला जेनसिमने (दरवेळी नवं नाव बनवून देणाऱ्या फंक्शनने) नवं नाव घेतो आणि तिला धरून ठेवणारं फंक्शन परत देतो. सुटी फाइल चोख चालते. दोन फाइली एका बंडलमध्ये जोडल्या की पहिलीतलं फंक्शन दुसरीची किंमत देतं!

कारण कळलंय. जेनसिमचा नावांना आकडे देणारा काउंटर प्रत्येक फाइलला 1 पासून सुरू होतो, त्यामुळे दोन्हीकडे '_जी1'. त्यात माझा लिस्पमधला 'लेट' (व्हेरिएबलला किंमत देणारा) उतरतो जावास्क्रिप्टच्या 'व्हार'मध्ये, म्हणजे सगळं एकाच ग्लोबल स्कोपमध्ये, सगळ्या फाइलींना दिसेल असं. काउंटर सामाईक केला तर एक फाइल बदलल्यावर बाकीच्यांचंही आउटपुट बदलतं, ते नकोय.

ईएस 2015 चा (जावास्क्रिप्टच्या 2015 च्या आवृत्तीतला) 'लेट' वापरावा, तर लिस्पचा 'लेट' एक्स्प्रेशन आहे, म्हणजे किंमत देतो, आणि जावास्क्रिप्टचा ब्लॉकपुरतं स्टेटमेंट, जे किंमत देत नाही. प्रत्येक 'लेट' फंक्शनमध्ये गुंडाळून लगेच बोलावला, तर आतले 'अवेट' आणि 'यील्ड' (फंक्शन मध्येच थांबवणारे शब्द) मोडतात.

फाइलच्या पाथचा हॅश (पाथवरून काढलेला छोटा कोड) नावात घालणं पुरेल का? दिसायला गचाळ, पण मला तोच बरा वाटतोय. कुणी केलंय का असं? सोर्स मॅपला (आउटपुटमधली जागा मूळ कोडशी जुळवणाऱ्या फाइलला) त्रास झाला का?