प्रतिसाद: पाथ बदलल्यावर 'एलएस'सुद्धा सापडत नाही

चिपळूणकर, दुकानाच्या उबुंटूवर बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) पाथची, म्हणजे कमांड कुठल्या डिरेक्टऱ्यांत शोधायच्या त्या यादीची, ओळ घातल्यापासून फाइल्सची नावं दाखवणाऱ्या 'एलएस'लाही 'कमांड नॉट फाउंड' येतंय म्हणता. वर कोणी नव्याने सगळं इन्स्टॉल करा म्हणालंय, तसलं काही करू नका. फाइल्स जागेवरच आहेत, फक्त शेलला, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, पत्ता ठाऊक नाही.

'इको', 'सीडी', 'एक्स्पोर्ट' शेलच्या पोटातच असतात, त्यामुळे ते अजून चालतील. त्याच टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट करून पाथला यूएसआर-बिन (/usr/bin) आणि बिन (/bin) या दोन डिरेक्टऱ्या द्या, मध्ये कोलन, बरोबरच्या चिन्हाभोवती जागा नको. लगेच 'नॅनो' हा एडिटर उघडेल. हे तेवढ्या खिडकीपुरतंच, तेव्हा पावसात लाइट जायच्या आत मूळ ओळ दुरुस्त करा. बहुतेक तुम्ही जुना पाथ डॉलर लावून ($PATH) जोडायचा विसरलात. किंवा जोडलात, पण एकेरी अवतरणात. तिथे डॉलरचा विस्तार होत नाही, म्हणजे त्याजागी जुनी यादी येत नाही. दुहेरी वापरा, मात्र होम डिरेक्टरीसाठीची लाट (~) त्यात उलगडत नाही, तिथे डॉलर होम ($HOME) लिहा.

आपली डिरेक्टरी शेवटी जोडावी, आणि नुसता टिंब (म्हणजे आत्ता ज्या फोल्डरात आहात तो) पाथमध्ये कधीच नको. कुठल्याही फोल्डरात पडलेली 'एलएस' नावाची भलतीच फाइल चालू शकते.

दुरुस्तीनंतरही कमांडची जुनीच आवृत्ती चालली तर 'हॅश -आर' द्या, शेलने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले जातात. कुठली चालतेय ते 'विच'पेक्षा 'टाइप -ए' नीट सांगतं, एलियससकट (कमांडला दिलेलं टोपणनाव).

रात्रीच्या बॅकअपचं वेगळं. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन बॅशआरसी वाचत नाही. स्क्रिप्टमध्ये पूर्ण मार्गच लिहा.