वजन उतरवलं, पण टिकवायचं कसं? ठाणे-नवी मुंबईवाले सांगा जरा

टेकडीखालचा:
नमस्कार मंडळी. वय ४३, उंची पाच फूट सात, राहायला वर्तकनगर, ऑफिस महापे. ९४ किलो होतो तेव्हा दीक्षित डाएट धरलं, म्हणजे दिवसात दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. ८० वर आलो. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ होतं ते ५.६ झालं, जुन्या पँटी कंबरेत आत घ्यायला टेलरकडे दिल्या, ऑफिसमधले येऊन विचारायला लागले की बाबा काय केलंस. मी पण मग लोकांना फुकट सल्ले वाटत फिरलो. दिवाळीनंतर काटा जो उलटा फिरला तो आत्ता ८८ वर आहे आणि थांबायचं लक्षण नाही.

आता गंमत अशी की मी फार खातोय असं मलाही वाटत नाही आणि बायकोलाही नाही. दुपारी घरचाच डबा असतो, दोन पोळ्या भाजी आमटी. खरा घोळ आहे तो संध्याकाळी सहा ते नऊ. कोपरखैरण्याला ट्रान्सहार्बर लोकल पकडायची, ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मला उतरायचं, पुलावरून त्या गर्दीत वेस्टला बाहेर येईपर्यंत पोटात कावळे कोकलायला लागतात आणि बाहेर आल्या आल्या वड्याचा घाणा चालू. रिक्षाची लाईन ही एवढी. लाईनीत उभं राहून माणूस करणार काय? एक वडापाव होतो, कधी दोन होतात, आणि घरी नऊला परत पूर्ण ताट, कारण ‘तू दिवसभर काही खाल्लं नाहीस’. पावसाळा लागल्यापासून चालणंही बंद पडलंय, उपवन तलावाला जायचो ते जूनमध्ये जे सुटलं ते सुटलं.

प्रश्न एवढाच की वजन परत आल्यावर पुन्हा उतरवून कोणी टिकवलंय का, म्हणजे निदान वर्ष-दोन वर्षं? विलपॉवर वाढव हे सोडून काहीही सांगा, ते घरात रोज फुकट मिळतं.

खादाड नौपाडकर:
माझा अनुभव सांगतो, तलावपाळीला चालायला जाऊ नका. एक फेरी मारायची, मग इतकं चाललो म्हणून एक शेवपुरी, मग तिखट लागलं म्हणून कुल्फी. चार महिने ‘व्यायाम’ केला, डॉक्टर म्हणाले बंद करा.

पारसिकचा वारा:
दादा, आधी हे डोक्यातून काढा की तुमचं काहीतरी खास चुकलंय. वजन उतरलं की शरीर बसल्याबसल्या जेवढं जाळतं ते कमी होतं हे तर झालंच, छोट्या शरीराला कमीच लागणार, पण ते हिशोबापेक्षाही जास्त कमी होतं. वर भुकेची हार्मोन्स बदलतात, लेप्टिन खाली येतं, घ्रेलिन वाढतं, म्हणजे भूक जास्त आणि पोट भरल्याची जाणीव उशिरा, आणि हे प्रकरण वर्षभरानंतरही तसंच राहतं असं तपासून झालेलं आहे. अमेरिकेत वजन उतरवायच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं होतं, २०१६ ला ते छापून आलं. एक सोडून सगळ्यांचं वजन थोडंफार तरी परत वाढलेलं, आणि अंग अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. अर्थात त्यांनी फार टोकाचं केलं होतं, तुमचं एवढं नसणार. पण अर्थ हाच की ९४ वरून ८० ला आलेले तुम्ही आणि पहिल्यापासून ८० चाच असलेला तुमचा शेजारी, दोघं एकच ताट जेवलात तरी तुम्हाला ते जास्त पडतं. घरच्यांना हे वाचून दाखवा, विलपॉवरचा विषय जरा थंड होईल.

त्यामुळे उतरवायचं काम वेगळं आणि टिकवायचं वेगळं असं मी तरी मानतो. उतरवताना जेवणाचा वाटा मोठा असतो, टिकवताना चालण्याचा. अमेरिकेतच १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे, ज्यांनी निदान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवले त्यांची. म्हणजे १४ किलोवाले तुम्ही वर्षभर ८० ला थांबला असता तर त्यात बसला असता! त्यातले बहुतेक लोक रोज तासभर तरी हालचाल करतात, मुख्यतः चालणं, आणि आठवड्याला तरी वजन करतात. आता ही नोंद जमलेल्यांची आहे, न जमलेल्यांना कोणी विचारायला गेलं नाही, तेव्हा त्यावरून नियम काढायचा नाही. पण चालणं सुटलं आणि चढतं वजन थांबेना हे तुमच्याही बाबतीत जुळतंयच की.

मी स्वतः बेलापूरला पारसिक हिलचा चढ चढतो, सकाळी. पावसात आमच्या बिल्डिंगच्या पोडियम पार्किंगमध्ये फेऱ्या. बोअर होतं, गाड्यांचा वास येतो, कानात काहीतरी लावून चालायचं झालं.

नेरूळची सुगरण:
मी घरात जेवण बनवणारी बाई आहे म्हणून माझं उत्तर स्वयंपाकघरातलं. तुम्ही म्हणता फार खात नाही, आमच्याकडेही हेच म्हणायचे सगळे. मी एकदा फक्त तेलाचा हिशोब केला. आम्ही चार माणसं, महिन्याला पाच लिटरचा कॅन संपायचा. भागून बघा, माणशी दिवसाला ४१-४२ मिली होतं आणि त्याच्या कॅलरी साडेतीनशेच्या आसपास, आणि यात बाहेरचं काहीच धरलेलं नाही, तूप नाही शेंगदाणे नाहीत ओलं खोबरं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जे ताट सांगितलंय त्यात २००० कॅलरीच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. आमचं नुसतं तेलच ३७-३८ ग्रॅम जात होतं! आणि कोणाला विचाराल तर ‘आमच्याकडे तेलकट नसतं हो’.

मी काय केलं तर एक तारखेला साडेतीन लिटर वेगळं काढून ठेवते, महिना त्यातच काढायचा, संपलं तर शेवटचे दिवस उकडलेलं आणि भाजलेलं. पहिल्या महिन्यात चोवीस तारखेलाच संपलं, मग आठवडाभर पिठलं-भाकरी आणि भरीत, मुलं चिडली पण जेवली. फोडणी ओतून करायची नाही, चमचा मोजून. उसळीला दोन चमच्यांत काही बिघडत नाही, वांग्याला मात्र कमी तेलाचं प्रेम नाही हे मान्य, वांगं मग आधी भाजून घेते.

दुसरं म्हणजे वाढायचा क्रम. आधी वाटीभर उसळ किंवा जाड वरण आणि काकडी-कोशिंबीर, ते संपल्यावर पोळी. पोळ्या मोजत नाही मी कोणाच्या, आपोआप एक कमी होते. आणि वहिनींना सांगा की दिवसभर उपाशी राहिला म्हणून भरून वाढू नका, त्यांचा हेतू चांगलाच आहे पण ते वडे कुठेतरी मोजले जायला हवेत ना.

स्टेशनच्या वड्याबद्दल सरळ उपाय. ऑफिसमधून निघायच्या आधी साडेपाचला खाऊन घ्या. दोन उकडलेली अंडी, नाहीतर फुटाणे आणि ताक. भरल्या पोटी तो घाणा एवढा त्रास देत नाही.

दोनवेळवाला:
सुगरणताई बाकी सगळं मान्य, पण साडेपाचला खायला लावलंत म्हणजे दीक्षित डाएट मोडलंच की हो. मी पहिल्यापासून करतोय आणि माझं टिकलंय. मधे भूक लागली तर पातळ ताक चालतं, तेवढ्यावर निभतं. सवय मोडली की सगळं मोडतं. टेकडीखालच्या भाऊंनी दुपारचं जेवण दीड-दोनला करून रात्रीचं साडेसातला घेता येतं का बघावं.

टेकडीखालचा:
साडेसातला मी ऐरोली आणि ठाण्याच्या मधे कुठेतरी दरवाज्यात लटकलेला असतो दादा.

पारसिकचा वारा:
@दोनवेळवाला, तुमचं टिकलंय कारण तुमच्या दिवसात ते बसतंय. त्यांच्या दिवसात दुपारचं जेवण ते रात्रीचं यात सात-साडेसात तास जातात आणि मधे ठाणे स्टेशन आहे. कागदावर दोन वेळा आणि प्रत्यक्षात तीन, त्यातली एक वडापावची, त्यापेक्षा सरळ तीन धरा की. दीक्षित का दिवेकर (म्हणजे दोनदाच जेवा का थोडं थोडं सारखं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर) यावर आमच्या फॅमिली ग्रुपमध्ये एक काका कायमचे लेफ्ट झालेत, इथे नको तो वाद. आणि ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणं कमी करूच नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

खारघर एक्सप्रेस:
मी वजन उतरवायच्या इंजेक्शनवाली, आठवड्यातून एकदाचं. कोणी विषय काढत नाहीये म्हणून मीच काढते. माझं पीसीओडी (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास), लग्नानंतर वजन फार वाढलेलं, सगळं करून झालं होतं. डॉक्टरांनी तपासण्या करून चालू केलं. भूक नसणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं, नणंदेच्या लग्नात पंगतीला बसले, पानात जिलबी, शेजारची बाई म्हणते घे अजून एक, आणि मला ती पहिलीच संपवावीशी वाटेना. इतकी वर्षं डोक्यात जे सतत चालायचं ना, फ्रीजमध्ये काय आहे, उरलंय का, ते एकदम गप्प. मी रडले होते त्या दिवशी, आनंदाने.

पण खर्च झेपेना म्हणून बंद केलं आणि ते सगळं परत चालू झालं. सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनच्या औषधाच्या अभ्यासातही हेच दिसलंय, बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलेलं. म्हणजे ब्लडप्रेशरच्या गोळीसारखंच आहे, घेताय तोवर. मला कोणी आधी हे नीट सांगितलं असतं तर मी पैशाचं गणित आधी मांडलं असतं. आणि उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात म्हणून वजनं उचलायला हवीत, मी आता सोसायटीच्या जिममध्ये तेवढंच करते, बैठका आणि डंबेल. अर्धं टिकलंय. व्हॉट्सअॅपवर कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर अजिबात घेऊ नका, आणि स्वादुपिंडाला कधी सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

टेकडीखालचा भाऊ, थायरॉइड केलंत का? टीएसएच एकदा बघून घ्या, एवढ्यात परत चढलंय तर.

खादाड नौपाडकर:
वजन रोज करायचं का आठवड्याला? आमच्याकडे रोज काट्यावर चढून रोज भांडण होतं.

नेरूळची सुगरण:
मी काटा माळ्यावर टाकलाय. आदल्या रात्री मिसळ खाल्ली की सकाळी एक किलो वर, मीठ असतं, पाणी धरून ठेवतं अंग, ती काय चरबी नसते एका रात्रीत आलेली, पण दिवस खराब जातो ना. सलवारीची नाडी कुठे बांधली जाते त्यावरून मला कळतं. फारच झालं तर टेप. बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९०, आपल्याकडच्या लोकांसाठी कंबर त्याच्या आत हवी.

पारसिकचा वारा:
ताई माझं उलट, काटा दिसला नाही की मी स्वतःला थापा मारतो. रोज करतो पण आठवड्याची सरासरी बघतो, रोजचा आकडा विसरायचा. ८२ ला माझी रेघ आहे, सरासरी त्याच्या वर गेली की दुसऱ्या दिवसापासून बाहेरचं बंद आणि चालणं वाढवायचं, खाली आली की परत नेहमीचं. तुमचं दिवाळीला ८० चं ८२ झालं तेव्हाच काहीतरी ठरलेलं असतं तर ८८ बघायची वेळ आली नसती कदाचित. दोन किलो उतरवणं कंटाळवाणं असतं, आठ उतरवणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

टेकडीखालचा:
सगळ्यांचे आभार. बायकोला तेलाचा हिशोब दाखवला, तिने आमचा काढला, तीन माणसांत साडेचार लिटर! त्यानंतर घरात शांतता आहे. टीएसएच शनिवारी करतो. साडेपाचला फुटाणे सुरू केलेत, ऑफिसमधले दोघं रोज माझ्याच डब्यात हात घालतात त्यामुळे दुप्पट न्यावे लागतात. काल स्टेशनला वडा घेतला पण एकच, आणि चटणीपुरता पाव बाकी ठेवला, हे प्रगतीत धरायचं का माहीत नाही. @दोनवेळवाला, सुट्टीच्या दिवशी तुमचंच वेळापत्रक पाळतो, ते घरी असताना जमतं.

आता अडचण एकच. पोडियममध्ये चालायला मी घरी पोचून जेवून साडेनऊ-दहाला जाणार, आणि आमचा वॉचमन दहाच्या ठोक्याला तिथले दिवे बंद करतो, म्हणे कमिटीचा आदेश आहे, वीजबिल.

पारसिकचा वारा:
आमच्याकडेही होतं. सात-आठ जणांच्या सह्या घेऊन सेक्रेटरीला अर्ज द्या, त्यात ज्येष्ठ नागरिक दोन तरी हवेत, त्यांचं नाव असलं की कमिटी लवकर हलते. आम्हाला अकरापर्यंत एका बाजूचे दिवे मिळाले.

खादाड नौपाडकर:
अर्जाचा मसुदा टाका इथे, आम्हालाही लागेल.