मदत हवी आहे: चिलखताने वार चुकवावा, की घाव कमी करावा?

नमस्कार.

गेली तीन वर्षे आम्ही सहा जण दर रविवारी दुपारी कोथरूडला एका मित्राच्या घरी जमतो आणि टेबलावर खेळायचा रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन फाशांच्या कौलावर गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, मराठीतून खेळतो. सूत्रधार, म्हणजे गोष्ट मांडणारा आणि नियम सांभाळणारा, मी असतो. आमचे जग काल्पनिक असले तरी त्याचा भूगोल सह्याद्रीचा आहे. त्यात घाटवाटा आहेत, गड आहेत, चार महिने कोसळणारा पाऊस आहे आणि त्या पावसात गंजणारे लोखंडही आहे. सुरुवातीला आम्ही तयार नियम वापरले. आता लढाईचे नियम मी स्वतः लिहितो आहे आणि नेमका चिलखतापाशी अडलो आहे.

१९७४ साली आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून रूढ झालेली पद्धत बहुतेकांना माहीत असेल. चिलखत जितके भक्कम, तितका समोरच्याचा वार लागणे अवघड. लागला तर पुरता लागतो, नाही तर काहीच होत नाही. एका फाशात निकाल लागतो, हा तिचा मोठा गुण आहे. पण चपळाईने वार चुकवणारा हेर आणि लोखंडात उभा राहून वार झेलणारा पहारेकरी यांच्यातला फरक तीत पुसला जातो. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने दुसरी वाट घेतली: वार लागतो, पण ज्या अवयवावर लागला तिथले चिलखत घावातून काही आकडे वजा करते. मला ही वाट अधिक खरी वाटली म्हणून मी तीच धरली, आणि गेल्या महिन्यातल्या बैठकीत तिने मला तोंडघशी पाडले.

झाले असे, की गडाच्या चोरदरवाजावर आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या पात्राची एका चिलखतधारी पहारेकऱ्याशी गाठ पडली. तिच्याकडे कट्यार होती, म्हणजे घावासाठी चार पैलूंचा फासा, आणि पहारेकऱ्याचे चिलखत प्रत्येक घावातून ४ वजा करत होते. तिने कितीही चांगला फासा टाकला तरी उत्तर शून्यच येणार होते. तिचा साथीदार तलवार घेऊन धावला, पण आठ पैलूंच्या फाशाची ४.५ ही सरासरी ४ वजा झाल्यावर १.२५ वर येते. पहारेकऱ्याचे प्राणांक, म्हणजे पडण्याआधी तो सोसू शकेल त्या घावांची बेरीज, १२ होते, म्हणजे लागलेले वार साधारण दहा तरी हवेत. एका पहारेकऱ्याशी आम्ही दीड तास लढलो. ती मैत्रीण शेवटी फासा हातात धरून नुसती बसून होती, आणि तिचे ते बसणे मला फार लागले.

तेव्हापासून मी चिलखत प्रत्यक्षात काय करते, याचा अभ्यास करतो आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात दोनदा जाऊन आलो. कड्यांचे चिलखत तलवारीच्या कापाला उत्तम अडवते, टोकदार भोसकणीला त्याहून कमी, आणि गुर्जाच्या, म्हणजे जड डोक्याच्या लोखंडी सोट्याच्या, ठोक्याला जवळजवळ नाहीच, कारण कडी तुटली नाही तरी आतले हाड मोडते. म्हणूनच त्याच्याखाली गोधडीसारखा अनेक थरांचा जाड शिवलेला अंगरखा घालत. ठोका जिरवण्याचे काम त्या कापडाचे. खेळांच्या नियमांत हा अंगरखा गरिबाचे हलके चिलखत म्हणून वेगळा विकत मिळतो, ते मला पटत नाही. तो लोखंडाचा जोडीदार आहे.

एका मित्राने मिरवणुकीसाठी केलेली कड्यांची बंडी मागून घेतली आणि एका पहाटे ती घालून पर्वती चढलो. वजन ११ किलो भरले. पहिल्या पन्नासेक पायऱ्यांत खांद्यांना अक्षरशः रग लागली. मग मित्राने सांगितल्याप्रमाणे कमरेला पट्टा घट्ट आवळला, बंडी थोडी वर ओढून पट्ट्यावर सैल सोडली, आणि निम्मे ओझे कंबरेवर उतरल्यासारखे वाटले. हात मोकळे हलत होते, वाकताही येत होते. मात्र हात वर केला की काखेतली जाळी ताणून वर जाई आणि बगल उघडी पडे. त्या क्षणी मला कट्यारीचा नियम सुचला.

तो असा. वारासाठी वीस पैलूंचा एकच फासा टाकायचा. लागण्याला हवा त्यापेक्षा आकडा ५ ने जास्त आला, तर वार बगल, जांघ, गुडघ्यामागची खोबण अशा फटीत गेला असे मानायचे आणि चिलखताची वजावट करायची नाही. कागदावर हे सुरेख दिसते. पण ११ किंवा वर आल्यास वार लागत असेल, तर ५० टक्के वार लागतात आणि १६ पासून पुढचे २५ टक्के फटीत जातात. म्हणजे लागलेला दर दुसरा वार चिलखताला वळसा घालतो. मग एवढे लोखंड अंगावर वागवायचे कशाला? फरक ८ चा ठेवला, तर फक्त १९ आणि २० उरतात. दहातला एक वार फटीत जातो आणि माझी मैत्रीण पुन्हा फासा धरून बसते.

यावर मी झोंबीचा उपाय केला: आधी प्रतिस्पर्ध्याला मिठीत जखडायचे, मग कट्यारीला फट आपोआप सापडते. युरोपात पूर्ण पोलादी चिलखत घातलेल्या माणसाला पाडून खंजिराने मारत, त्यामुळे नियमाला आधार आहे. पण आपल्याला सगळ्यांना पाठ असलेला प्रसंगच त्याच्या विरुद्ध जातो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाने महाराजांना कवेत दाबून कट्यार चालवली, आणि अंगरख्याखालच्या चिलखतामुळे ती शरीरात शिरली नाही. माझ्या नियमाने तो वार थेट लागला असता! जखडणे पुरेसे नाही. चिलखत कुठे आहे आणि कुठे नाही, हे मारणाऱ्याला दिसले पाहिजे. म्हणून कपड्यांखाली लपवलेल्या चिलखतापुढे झोंबीचा फायदा मिळू नये, असे आता मी ठरवले आहे. याबद्दल माझे मत पक्के आहे.

थकव्याचा प्रश्न उरतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या लीड्स विद्यापीठातल्या प्रयोगात पूर्ण चिलखत घालून यंत्रपट्ट्यावर चालणाऱ्यांची ऊर्जा दुपटीहून थोडी जास्त खर्च झाली, कारण पायांवरचे लोखंड प्रत्येक पावलाला उचलावे लागते आणि छातीच्या पत्र्यामुळे श्वास उथळ होतो. १४१५ साली इंग्रजांविरुद्धच्या अजिनकोर्टच्या लढाईत चिखलात रुतून फ्रेंच सरदारांचा जो पराभव झाला, त्यामागे हेही एक कारण होते. आमच्याकडे प्रत्येक खेळाडूपुढे ‘दम’ म्हणून आठ चिंचोके ठेवतो. भारी चिलखतात दर दोन फेऱ्यांनी एक उचलायचा, चढावर किंवा चिखलात दर फेरीला. चिंचोके सगळ्यांना आवडले, पण लढाई रंगात आली की उचलायचे कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि दर फेरीला आठवण करून देण्यात माझा सूत्रधार म्हणून जीव जातो.

ज्यांनी असे नियम लिहून प्रत्यक्ष खेळवले आहेत, त्यांच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. दुसरा फासा न टाकता फटीतल्या वाराचे प्रमाण १० आणि २५ टक्क्यांच्या मध्ये, पण शस्त्राप्रमाणे बदलते कसे ठेवता येईल? कट्यारीला ५ चा, तलवारीला ८ चा फरक असा विचार मनात आहे. त्यात कोणता खड्डा मला दिसत नाही? कापणे, भोसकणे आणि ठोकणे यांचे तीन वेगळे आकडे प्रत्येक चिलखताला दिले, तर खेळ किती मंदावतो? आणि दम मोजण्याची अशी काही रीत आहे का, जी खेळाडूंच्या हाताच्या हालचालीतच बसेल?

येत्या रविवारी तोच चोरदरवाजा आणि तोच पहारेकरी पुन्हा मांडणार आहे. शनिवारी रात्रीपर्यंत जे सुचवाल ते त्या लढाईत वापरून पाहीन, आणि फेऱ्या किती लागल्या, कोणाचे किती वार कुठे गेले, ते इथेच आकड्यांसह लिहीन.